दोन खोल्यांतली बेगमी

"मावशी, आम्ही बेळगावच्या वडगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. यांचं काम यंत्रमागावर. पगार दर शनिवारी, तोही काम लागेल तसा. किराण्याला महिन्याला आठ हजारांच्या आत भागत नाही. सासूबाईंचं रोज एकच, आमच्या वेळी वर्षाची बेगमी घरात असायची, पेठेत कोण जात होतं! म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी भिशी उचलली आणि एकदम दहा किलो मसूर भरले, पाच किलो मिरचीची कांदा-लसूण चटणी केली, पापड-कुरडया केल्या. श्रावणात डबा उघडला तर मसुरात भुंगे. चटणीवर पांढरी बुरशी. पापड मऊ पडून वास मारायला लागले. हे काही बोलले नाहीत, पण सासूबाई गल्लीभर सांगून आल्या. यंदा परत करू, की हा उद्योग सोडून मॉलमधनं ऑफर बघून आणत जाऊ?"
— वडगावची एक बहीण

पोरी, आधी एक ऐक. तुझ्या हाताला यश नाही वगैरे काही नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी डंकावरनं आणलेली चटणी घरी आल्याआल्या बरणीत दाबून भरली होती. कुटून आलेली चटणी चांगली गरम असते, हात लावून बघ कधी. तिची वाफ झाकणाखाली धरली, थेंब परत चटणीत पडले आणि महिन्याभरात वर कापसासारखा थर आला. तीन किलो चटणी परसात खड्डा काढून पुरली. माझ्या सासूबाई गल्लीत सांगत फिरल्या नाहीत, पण पुढची दोन वर्षं मला बरणीला हात लावू दिला नाही.

आता तुझ्या सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. पण त्या ज्या घरातली बेगमी सांगतात ते घर आठव. शिवारातला भात घरात यायचा, मसूर-वाटाणा भाताच्या रानातच पिकायचा, म्हणजे माल विकत घ्यायलाच नको. वर माळा, खाली चूल. चुलीचा धूर दिवसातनं दोनदा माळ्यावर चढायचा आणि तिथल्या पोत्यांना किडा फिरकायचा नाही. तुझ्याकडं गॅस आहे, स्लॅब आहे आणि जुलै-ऑगस्टात घाम फुटणारी भिंत आहे. बेळगावचा पावसाळा तुला मी काय सांगायचा, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा त्यांची रीत जशीच्या तशी या दोन खोल्यांत चालणार नाही. बेगमीमागचा हिशेब मात्र अजून खरा आहे: माल सुगीत घ्यायचा, वाळवून घ्यायचा, हवा लागू द्यायची नाही.

आणि मुख्य गोष्ट, जी कोणी बोलत नाही. बेगमीला आधी हातात पैसा लागतो. ज्याच्याकडं एकदम वीस हजार आहेत त्याला वर्षाचं स्वस्तात मिळतं. ज्याचा पगार शनिवारी येतो त्यानं पाव-पाव किलो चढ्या भावानं आणायचं. तू भिशी उचलून हे तोडायला गेलीस, हेतू चांगला होता. पण सगळा पैसा एका महिन्यात, सगळा माल एका डब्यात, म्हणून एका पावसाळ्यात सगळंच गेलं. यंदा एका महिन्याला एकच जिन्नस घे.

त्याच्याही आधी महिनाभर नुसतं मोजायचं. वही घाल. प्रत्येक वेळी मसूर किती घेतलास, चटणी आठवड्याला किती संपली, तेल किती, लिही. काटा नसला तर एक वाटी ठरव आणि ती वाटी दुकानात एकदा वजन करून घे. समज, तू आठवड्यातनं दोनदा दोनशे-दोनशे ग्रॅम मसूर करतेस. म्हणजे वर्षाला जवळपास एकवीस किलो. तुझे दहा किलो जास्त नव्हतेच, सहा महिन्यांचे होते. आणि तिखट आठवड्याला साठ ग्रॅम लागत असेल, तर वर्षाला तीन किलोच्या थोडं वर. तू मिरचीच पाच किलो घेतलीस, वर कांदा, लसूण, खोबरं. म्हणजे नुकसान झालं नसतं तरी दुसऱ्या उन्हाळ्यात ती शिळी चटणी तुझ्याकडं उरलीच असती. न मोजता भरणं ही बचत नव्हे, हौस झाली.

आता मसूर. आपल्याकडचे मसूर बारीक आणि चवीला असे, की बाहेरगावच्या माणसाला आमटी वाढली की तो दोनदा मागतो. फेब्रुवारी-मार्चात नवा माल येतो, तेव्हाच घे. पण तो भुंगा तुझ्या डब्यात बाहेरनं आला नाही. त्याची अंडी दाण्यावरच असतात, शेतातनं किंवा व्यापाऱ्याच्या गोदामातनं आलेली. बारकाईनं बघितलंस तर दाण्याच्या सालीवर पांढरा ठिपका दिसतो. अळी आतच वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो, तेव्हा आपल्याला कळतं. म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी अंडी मेल्याशिवाय उपयोग नाही.

अंडी मारायला ऊन पुरतं, पण नुसतं साडीवर पसरून नाही. मार्च-एप्रिलात घरमालकांना विचारून गच्चीवर जागा घे. काळी ताडपत्री किंवा काळं प्लास्टिक अंथर, त्यावर मसूर एका थरात पातळ पसर, वरनं पारदर्शक प्लास्टिक घाल आणि चारी कडांवर विटा ठेवून दाबून टाक. सकाळी अकराला मांड, दोनला काढ. आत इतकी धग होते की हात ठेववत नाही. अंडी, अळी काही राहत नाही. फक्त पेरायला ठेवायचं बी असं तापवू नकोस, ते उगवेलच असं नाही. आणि तीनच्या आत आवर, कारण आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे वळीव. सकाळी लखलखीत ऊन असतं आणि चारला हिंडलग्याच्या बाजूनं काळं भरून येतं, मग पळापळ. भिजलेलं वाळवण वाळवायला परत दोन दिवस जातात. ज्यांना जमतं त्यांनी वाळवणाची कामं पाडव्याच्या आसपासच उरकावीत.

आता यात माझी चूक झाली तीच परत होऊ देऊ नकोस. उन्हातनं काढलेलं धान्य लगेच भरायचं नाही. संध्याकाळपर्यंत घरात पसरून पूर्ण गार होऊ दे, मग भर.

भरायचं कशात? मोठा डबा विसर. पाण्याच्या किंवा सरबताच्या दोन लिटरच्या बाटल्या गोळा कर, धुऊन दोन दिवस उलट्या ठेवून ठणठणीत वाळव. नरसाळ्यानं गळ्यापर्यंत मसूर भर, बाटली जमिनीवर आपटून आणखी भर, हवेला जागा ठेवू नकोस, झाकण घट्ट पिळ. एखादं अंडं वाचलं तरी आतली हवा संपून किडा गुदमरतो. एक बाटली उघडली की ती संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. मोठ्या डब्यात परतपरत हात जातो, पावसाळ्याची ओल दर वेळी आत जाते. बाटल्या पलंगाखाली आडव्या राहतात, दोन खोल्यांत याहून सोयीचं काही नाही. फ्रीज असेल तर अर्ध्या किलोची पिशवी करून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता बाहेरच्या हवेइतकी होऊ दे, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं.

तूरडाळ, मूगडाळ या डाळींना भुंगा अख्ख्या कडधान्याइतका लागत नाही. किलोला चमचाभर एरंडेल हातानं चोळून ठेवलं की पुरतं. शिजवताना दोन पाण्यांनी धुवायचं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. शेतीच्या दुकानात धान्यात ठेवायच्या किडीच्या गोळ्या मिळतात, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. दमट हवा लागली की त्यातनं विषारी वायू सुटतो. गोदामासाठी आहेत त्या, माणसं झोपतात त्या खोलीसाठी नाहीत. दोन लेकरं आणि सासूबाई ज्या खोलीत झोपतात तिथं पोत्यात ती गोळी ठेवलीस तर सकाळी काय बघशील ते सांगवत नाही. कोणी फुकट दिली तरी घरात आणू नकोस. पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर यांच्याही नादाला लागू नकोस, बारकी पोरं घरात आहेत.

चटणीचं तुझं कुठं चुकलं ते तुझ्या पत्रातच आहे. पाच किलो मिरचीची कांदा-लसूण चटणी एकदम! कांदा कितीही तळलास तरी त्यात ओल राहते आणि वर्षाच्या बरणीला ती नडते. वर्षाचं करायचं ते कोरडं तिखट. मिरची, भाजलेले धणे, खसखस, थोडे कोरडे मसाले, संपलं. त्यातनं दर महिन्याला पाव किलो काढून घरीच मिक्सरवर कांदा-लसूण-खोबरं घालून चटणी करायची. ताजी असते, चवही येते आणि बुरशी लागायच्या आत संपते. ज्या बायका वर्षाची कांदा-लसूण टिकवून दाखवतात त्यांचा हात वेगळा, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तू अजून तिथं आली नाहीस आणि यायची घाईही नाही.

मिरची घेताना ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. माझ्या घरी दोन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी. तुमच्यात मालकांना झणझणीत लागत असेल तर उलटं कर. फेब्रुवारी-मार्चात रविवार पेठेत ढीग लागलेले असतात, तेव्हा एकट्यानं जाऊ नकोस, सासूबाईंना घेऊन जा. त्यांचा डोळा तुझ्यापेक्षा जुना आहे. मिरची कानाशी धरून हलव, बी खुळखुळलं पाहिजे. मोडली की कट्टकन मोडली पाहिजे. लवली, वाकली, तर वजनासाठी पाणी मारलेली समज आणि पुढच्या दुकानी जा. घरी आणून दोन दिवस ऊन द्यायचं, देठं खुडायची. कुटायला डंकावर नेलीस की शेजारी उभी राहा, ठसका लागला तरी. आपलीच मिरची आपल्याला मिळावी म्हणून. मग परातीत पसरून रात्रभर गार कर, कोरड्या बरणीत थर देत भर, मधेमधे हिंगाचे खडे आणि खडेमीठ. चमचा कोरडा. एवढंच.

पापड आणि कुरडया? सोड. रागावू नकोस, पण यात बचत नाही. कुरडई तळायला जे तेल जातं त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. सणाला अर्धा किलो विकत आण आणि सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून एक दिवस त्यांच्या हातच्या शंभर पापड्या घाल, ते प्रेमाचं झालं, काटकसरीचं नाही. त्याऐवजी सांडगे घाल. मूग, मटकी, हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-लसूण घालायचा, चार दिवस कडक उन्हात वाळवायचे. आषाढ-श्रावणात पालेभाजी महाग आणि चिखलानं भरलेली येते, तेव्हा मूठभर सांडग्यांच्या रश्श्यात पाच माणसांचं कोरड्यास होतं. ही खरी बचत.

चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घे, टरफलासकट मिळाली तर स्वस्त पडते. पण फसू नकोस, अख्ख्या चिंचेत गर निम्म्याहून थोडाच जास्त असतो, बाकी चिंचोके आणि टरफल. भाव विचारताना तो हिशेब डोक्यात ठेव. चिंचोके काढून, मीठ लावून, ऊन देऊन गोळे करून ठेवले की वर्ष जातं. आणि वळवाच्या दुसऱ्या दिवशी बाजारात पडलेल्या कैऱ्या जवळजवळ फुकट असतात. मार लागलेली कैरी लोणच्याला अजिबात घेऊ नकोस, लोणचं बिघडतं. पण चांगला भाग कापून, फोडी करून वाळवल्या की आंबोशी झाली. आमटीत टाकायला चिंचेच्या जागी चालते. लोणच्याला न पडलेली, कडक कैरी घे. फोडी किलोभर तर मीठ दीडशे ते दोनशे ग्रॅम, आणि फोडीवर तेल तरंगलंच पाहिजे. "बीपी आहे" म्हणून मीठ कमी घालतात आणि मग टाकून देतात. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं कमी खा.

तांदळाचं थोडक्यात: रेशनचा येतो तो आधी वापरा. वरचा लागतो तो जानेवारीत, सुगी उरकल्यावर, येळ्ळूरच्या किंवा खानापूरच्या बाजूच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घेतला तर बरा पडतो. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून कुरकुर करू नका, पाणी थोडं कमी घाला. नाचणा बारीक आणि टणक, त्याला किडा सहसा लागत नाही. वर्षभर नुसता कोरडा ठेवला तरी राहतो. मुलांना सकाळी आंबील द्यायला घे पाच किलो.

कांदा-लसूण एप्रिलमध्ये. उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळ्यातला टिकत नाही, भाव बघून मोहात पडू नकोस. दाराच्या वाऱ्याला जाळीच्या पिशवीत टांग, लसणाच्या वेण्या घाल. बटाटे कांद्याशेजारी ठेवू नकोस, दोन्ही लवकर जातात. हिरवा पडलेला बटाटा टाकून दे.

हल्ली मोबाईलवर बघून पोरी सोललेला लसूण तेलात बुडवून बरणीत बाहेरच ठेवतात. तसं करू नकोस. तेलाखाली हवा नसते आणि हवा नसताना वाढणारा एक जिवाणू असतो. त्याचं विष वासाला, चवीला कळत नाही आणि माणूस दगावू शकतो. आलं-लसूण वाटण पाण्याविना, तेलाविना करून बर्फाच्या कप्प्यात वड्या पाड. तसेच बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे भाजून खपवायचे नाहीत. भाजून बुरशीचं विष जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये, नाहीतर जनावराला. सकाळी फोडणी घातली म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात चांगला होत नाही.

पैशाचं आता. सासूबाईंच्या नावावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये येतात ना? ते महिन्याच्या बाजारात मिसळू नका. आले की सरळ त्या महिन्याच्या एका जिन्नसाला लावा: जानेवारीत तांदूळ, फेब्रुवारीत मसूर, मार्चमध्ये मिरची, एप्रिलमध्ये कांदा-लसूण. पैसे त्यांचे, त्यामुळं काय घ्यायचं आणि कुठनं घ्यायचं हे त्यांना ठरवू दे. तुझ्या पत्रावरनं वाटतं, म्हातारीला गल्लीत सांगायला काहीतरी हवं आहे. हे सांगू दे. पेठेत जायला बस बायकांना फुकट आहे, दोघी मिळून जा. आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघींना धरून एक पोतं घ्या. पोत्याचा भाव आणि किलोचा भाव यात फरक पडतो. वाटणी करताना काटा सगळ्यांच्या समोर ठेवा, नाहीतर बचत चार रुपयांची आणि भांडण वर्षाचं. भिशी मात्र मुलांच्या शाळेला ठेव, मसुराला नको.

मॉलचं विचारलंस. तेल, साखर, साबण तिथं स्वस्त मिळत असेल तर घे की, मॉलशी काय वैर आहे? पण यादी करून जा, पोरांना घरी ठेवून जा, आणि 'एकावर एक फुकट' बघून कधी न लागणारं आणू नकोस. मसूर-मिरची-तांदूळ पेठेतच.

डबे, बाटल्या जे काही असेल ते जमिनीवर टेकवू नकोस. दोन विटांवर फळी टाक, भिंतीपासनं वीतभर लांब. जुलैत भिंतीला ओल आली तरी माल कोरडा राहतो.

राहिले ते तुझे गेल्या वर्षीचे मसूर. टाकले नसशील तर चाळणीनं चाळून काळ्या प्लास्टिकवर एक दिवस तापव, मग वाटीभर पाण्यात टाकून बघ. भोक पडलेले तरंगतात, ते काढून टाक. तळाला बसलेले शिजव. त्या पापडांना मात्र सूर्य दाखवत बसू नकोस. मऊ पडून वास मारतात, फेकून दे.